आमची आत्या आणि गेटवरचा कॅमेरा

अख्ख्या मुलुंड पूर्वेत गुपित ठेवायला खात्रीची अशी एकच जागा आहे, आणि ती म्हणजे माझ्या आत्याचं पोट. बँकेच्या लॉकरला निदान दुसरी किल्ली तरी असते. बारावीला मी गणितात आपटलो तेव्हा घरी सांगायची हिंमत नव्हती म्हणून आत्याला सांगितलं. माझ्या वडिलांना, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाला, ही बातमी कळली ती थेट माझ्या लग्नाच्या वेळी, मुलीकडच्या एका चौकस मामाने मार्कशीट मागितली तेव्हा. मधली सगळी वर्षं आत्या दर दिवाळीला वडिलांच्या शेजारी बसून चकल्या खात होती, वडील तिला माझ्या हुशारीच्या गोष्टी सांगत होते आणि तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. पुढे वडिलांनी जाब विचारला तर म्हणाली, "त्याची गोष्ट ती. मी कोण सांगणारी?"

आत्या आता बहात्तर वर्षांची आहे. आमच्याच सोसायटीत ए विंगला तळमजल्यावर राहते, मी बी विंगला तिसऱ्यावर. गेली सहा वर्षं मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नाही. आत्या म्हणजे माझ्या कारकिर्दीतला एकुलता एक विरोधी पक्ष. माझा स्वभाव जरा तापट आहे हे मी मान्य करतो, पण जिच्या मांडीवर आपण खेळलोय तिच्यावर नोटीस बजावताना भल्याभल्यांचा तोल गेला असता. शिवाय ती मला बावन्नाव्या वर्षी, भर मीटिंगमध्ये, "बाळ्या" म्हणते.

तिचा आणि फोनचा संबंध आयुष्यभराचा. विसाव्या वर्षी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली. कानाला हेडफोन लावून परगावचे ट्रंक कॉल जोडायचे, हे तिचं काम. त्या काळी कॉल जोडणाऱ्या बाईला दोन्हीकडचं बोलणं ऐकू यायचं. ऐकायचं नाही असा नियम होता, पण कान काही बंद करता येत नाहीत. कुणाची सोयरीक तुटली, कुणाचा मुलगा घर सोडून गेला, कोण कुणाला पैसे बुडवून मद्रासला पळाला, सगळं तिच्या कानावरून गेलं. अशा नोकरीतून निवृत्त झालेली बाई एकतर पट्टीची चहाडखोर व्हायला हवी किंवा आत्यासारखी. दुसऱ्याच्या बोलण्यात तिसऱ्याचा कान नको, हा तिचा धर्म झाला. ज्या दिवशी तिच्या मुलाने तिच्या हातात स्मार्टफोन दिला, त्या दिवसापासून हा धर्म आमच्या मुळावर आला.

पहिल्याच दिवशी तिने फोनच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर एकेक मरून टिकली लावली. तिचा मुलगा बंगळूरहून व्हिडिओ कॉल करतो तेव्हा त्याला आईऐवजी मरून अंधार दिसतो आणि त्या अंधारातून "जेवलास का रे?" असा आवाज येतो. कपड्याच्या दुकानात बिल करताना मुलीने मोबाइल नंबर विचारला तर आत्या शांतपणे म्हणते, "साडी मी नेसणार आहे, माझा नंबर नाही." झेरॉक्सवाल्याकडे आधार कार्डाची प्रत काढली की तिथेच उभं राहून त्या प्रतीवर आडवं लिहिते, 'ही प्रत फक्त गॅसच्या कामासाठी', आणि मशीनमध्ये अडकलेली खराब प्रत परत मागून घेऊन तिचे सोळा तुकडे करते. त्यातले आठ घरी नेते. आमचे आतोबा, म्हणजे तिचे यजमान, अत्यंत सोशीक गृहस्थ. त्यांना मी एकदा आत्याचा नवा नंबर विचारला तर म्हणाले, "मलाही मिळाला नाही रे अजून. मी तिला आतल्या खोलीतून हाक मारतो."

मग तिने आमच्या कुटुंबाचा ग्रुप हलवायचं ठरवलं. कुठल्याशा अभ्यासानंतर तिला एक जास्त सुरक्षित अ‍ॅप सापडलं होतं. चौतीस नातेवाइकांना तिने एकेकाला फोन करून, चार महिने चिकाटीने, त्या नव्या अ‍ॅपवर आणलं. आले सगळे, पण जुना ग्रुप कुणी सोडला नाही. परिणामी सुप्रभाताचे गुलाब आता दोन्हीकडून येतात. मी चिडून म्हटलं, गुलाबाला कसली गं सुरक्षा? तर म्हणाली, "गुलाब पाठवायचाय की गळू झाल्याचं सांगायचंय, हे मधल्या माणसाला कळायलाच नको. दोन्ही पाकिटं सारखीच बंद."

एन्क्रिप्शन नावाची गोष्ट मला माझ्या ऑफिसातल्या तीन तासांच्या ट्रेनिंगमध्ये कळली नव्हती. आत्या ती गुरुवारच्या भजनानंतर बायकांना दोन मिनिटांत सांगते. "बोलणाऱ्याकडे एक किल्ली, ऐकणाऱ्याकडे एक किल्ली. मध्ये माझ्यासारखी ऑपरेटर बसलेली असली तरी तिच्या कानाला नुसती खरखर. मी त्या खुर्चीत अठ्ठावीस वर्षं बसले बायांनो, आणि मी सांगते, खरखरच पाहिजे." आरती झाल्यावर प्रसादाचा शिरा वाटता वाटता ती सगळ्यांच्या फोनमधली लोकेशनची बटणं बंद करून घेते. आमच्या सोसायटीत टॅक्सी बोलावली की ड्रायव्हर हमखास मागच्या गल्लीत जाऊन उभा राहतो, त्याचं कारण हे आहे.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग आमच्या पार्किंगमधून दोन सायकली चोरीला गेल्या, आणि मी, सेक्रेटरी या नात्याने, गेटसाठी अ‍ॅप आणायचं ठरवलं. आता ही अ‍ॅपं सगळीकडे आहेत. गेटवर कॅमेरा, येणाऱ्याचा फोटो, नाव, नंबर. घरकामाच्या बायका, ड्रायव्हर, दूधवाले यांचे चेहरे एकदाच नोंदवायचे. मग कोण किती वाजता आत आलं, कुठकुठल्या घरी जातं, हे प्रत्येक मेंबरला फोनवर दिसतं. कंपनीचा टाय लावलेला मुलगा येऊन झकास प्रेझेंटेशन देऊन गेला. आजूबाजूच्या चार सोसायट्या आधीच त्याच्याकडे होत्या. मी विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस बोर्डावर लावली आणि संध्याकाळपर्यंत तिच्याखाली आत्याच्या अक्षरात एक ओळ आली: 'माझा विरोध आहे. कारण भेटून सांगेन.'

पण कारण तिने मला सांगितलं नाही. खरं कारण होतं वंदनाताई. हे नाव मी बदललंय आणि त्यांना विचारूनच हे लिहितोय, कारण आत्या हे वाचणार आहे. वंदनाताई आमच्या बिल्डिंगमध्ये पाच घरी पोळ्या करतात. त्यातलं एक घर माझं. दोन वर्षांपूर्वी त्या मुलीला घेऊन नवऱ्याच्या घरातून निघाल्या. तो मारायचा, आणि निघून गेल्यावर तो त्यांना शोधत होता. त्या विक्रोळीला एका मैत्रिणीकडे राहत होत्या आणि तो पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. आता नवऱ्याचा मावसभाऊ आमच्या पलीकडच्याच सोसायटीच्या गेटवर कामाला, आणि तिथे हेच अ‍ॅप. कामवाल्यांच्या यादीतले चेहरे सगळ्या सोसायट्यांच्या गेटवर दिसायचे, 'आपल्या भागात उपलब्ध' म्हणून. वंदनाताईंचा फोटो एकदा चढला असता की ही बाई रोज सकाळी साडेनऊला कुठल्या फाटकातून आत शिरते, हे नवऱ्याला घरबसल्या कळलं असतं. फोटो नाही म्हटलं तर पाच घरं जाणार. मी लावलेली नोटीस वाचून त्या आत्याच्या स्वयंपाकघरात जाऊन रडल्या होत्या, आणि मला त्यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मी त्यांच्या हातच्या पोळ्या खाऊन ऑफिसला जात होतो.

आत्याने मला एका वाक्यात हे सांगितलं असतं तर मी नोटीस फाडली असती. तिने सांगितलं नाही. ती तिची गोष्ट नव्हती. हुकमाचा एक्का हातात असून तो कधीच टाकायचा नाही, असं ठरवून ही बाई डाव खेळायला बसली.

आणि काय डाव खेळली. आधी तिने पत्रक काढलं. छापायला दिलं तर दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर प्रत राहते, म्हणून चौरेचाळीस घरांसाठी चौरेचाळीस पत्रकं हाताने लिहिली, कार्बन पेपर घालून. कार्बन पेपर ठाण्याहून आणला, कारण मुलुंडच्या स्टेशनरीवाल्याने "तो काय असतो?" असं विचारलं. पत्रकं दाराखालून सरकवली नाहीत. प्रत्येक घरी गेली, बसली, चहा प्यायली आणि ज्याच्या त्याच्यापुरतं बोलली. प्रायव्हसी, हक्क, कायदा असले शब्द काढले की माणसं जांभई देतात, हे तिला पक्कं कळलेलं. आमच्या बी विंगच्या एका गृहस्थांना मधुमेह आहे आणि बायको शाळेत शिकवायला गेली की ते रोज दुपारी बटाटेवडे मागवतात. त्यांच्याशी ती साखरेबद्दल अवाक्षर बोलली नाही. फक्त म्हणाली, "पार्सल किती वाजता आलं, कुठल्या हॉटेलातून आलं, याची नोंद घरातल्या सगळ्यांच्या फोनवर जाते म्हणे." दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ छातीवर बिल्ला लावून आत्याच्या मोहिमेत सामील झाले आणि नागरिकांच्या स्वातंत्र्याबद्दल लिफ्टमध्ये भाषणं करू लागले. मी खालून वर जाईपर्यंत त्यांचे तीन मुद्दे व्हायचे.

सगळ्यात मोठी सभा होती ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाची. दरवर्षी बायका वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटतात. आत्याने त्या वर्षी मोठ्या काळ्या टिकल्यांची पाकिटं लुटली. कपाळाला नाही, कॅमेऱ्याला. त्याआधीच्या गुरुवारी तिने सगळ्यांना पासवर्डचा धडा दिला होता: जन्मतारीख नको, मुलांची नावं नकोत, एखादी लांबलचक ओळ घ्या, जी तुम्हाला झोपेतून उठवलं तरी आठवेल आणि जी तुम्ही कागदावर लिहिणार नाही. धडा उत्तम होता. चूक एवढीच झाली की लग्न झालेल्या मराठी बाईला झोपेतून उठवल्यावर आठवणारी लांब ओळ एकच असते. बावीसच्या बावीस बायकांनी, एकमेकींना न विचारता, फोनला आपापल्या उखाण्याची पहिली ओळ लावली.

हळदीकुंकवाला अर्थातच कुणीतरी म्हणालं, "नाव घ्या, नाव घ्या." पहिल्या वहिनी उठल्या आणि नेहमीच्या ठसक्यात म्हणाल्या, "तव्यावरची पोळी, पोळीवर तूप", आणि एकदम तोंडावर हात ठेवून गप्प झाल्या. बाकीच्यांना वाटलं विसरल्या, म्हणून सगळ्यांनी मिळून आठवण करून दिली, "अनंतराव बोलतात कमी, पण खातात खूप." दुसऱ्या म्हणाल्या, "खिडकीत ठेवली तुळस, दारात काढली रांगोळी", आणि त्यांचा चेहरा पडला, कारण शेजारी सासूबाई बसल्या होत्या आणि सासूबाईंचे डोळे चमकले होते. तरी पुढचं म्हणावंच लागलं, "प्रकाशरावांना आवडते फक्त आईच्या हातची पुरणपोळी." एकेक करत बावीस कुलुपं चारचौघींत उघडली. नाव घ्यायला उठलेल्या बाईने मध्येच बसायची पद्धतच नाही. आत्या हातात करंडा घेऊन मधोमध उभी होती. शेवटी सगळ्यांनी तिलाही आग्रह केला. तिने उखाणा घेतला, तोही असा: "वाटीत वाटी, वाटीत खोबरं, ह्यांचं नाव माझ्यापाशी, तुम्हाला सांगून काय बरं?" आतोबा आतल्या खोलीत शेंगदाणे सोलत होते. त्यांनी तिथूनच दाद दिली.

सोसायटीभर हसं झालं. मीही हसलो, जरा जास्तच हसलो. पण त्या आठवड्यात रांगोळीवाल्या वहिनींचा फोन सासूबाईंनी उघडून माहेरी पाठवलेले सगळे निरोप वाचले, आणि पोळीवाल्या वहिनींचा फोन त्यांच्या लेकाने उघडला. त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. एका मैत्रिणीला लिहिलं होतं, कंटाळा आलाय, एवढंच. ते वाचून मुलगा आईशी दोन दिवस नीट बोलला नाही. त्या दोघी मुकाट्याने आत्याकडे नव्या ओळी लावायला गेल्या.

सभा रविवारी सकाळी साडेदहाला पार्किंगमध्ये होती. कोरम नव्हता म्हणून अर्धा तास तहकूब केली आणि त्याच खुर्च्यांवर, तोच चहा पीत, पुन्हा सुरू केली. मी ठराव मांडला. वडेवाले गृहस्थ स्वातंत्र्यावर बोलले आणि बायकोने पाहिल्यावर खाली बसले. मग आमचे एक निवृत्त अधिकारी उठले आणि म्हणाले, "कर नाही त्याला डर कशाला? ज्याला लपवायचं आहे त्यालाच कॅमेऱ्याची भीती." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. सगळे आत्याकडे बघायला लागले. मागे खांबाशी वंदनाताई उभ्या होत्या; कुणाच्या तरी घरून चहाचे कप न्यायला आल्या होत्या.

आत्या उठली. मला वाटलं आता ऑपरेटर आणि खरखर सुरू होणार. ती म्हणाली, "मी काही केलेलं आहे आणि ते मी लपवलेलं आहे. शेहेचाळीस वर्षं." आत्याला एक धाकटी बहीण आहे, ती मालवणला असते. दोघींचं जाणंयेणं आहे, लग्नकार्याला भेटतात, पण त्या दोघी कधी गप्पा मारत बसल्या आहेत असं मी पाहिलं नाही. घरात आम्हाला वाटायचं, फणसाच्या झाडावरून काहीतरी वाद असेल. आत्याने सांगितलं ते असं. त्या काळी ठरावीक माणसालाच बोलावून द्यायचा असा एक कॉल असायचा, त्यात नाव सांगावं लागे. एक दिवस मुंबईतल्या कुणा मुलाने मालवणच्या पोस्टात कॉल लावला आणि आत्याच्या कानात तिच्याच धाकट्या बहिणीचं नाव आलं. तिने लाइन जोडून दिली आणि ऐकत राहिली. दोघांनी लग्न करायचं ठरवलं होतं. मुलगा घरच्यांना चालण्यातला नव्हता. "मी त्याच रात्री वडिलांना पत्र टाकलं. भल्यासाठीच टाकलं. महिन्याच्या आत त्यांनी तिचं लग्न दुसरीकडे लावून दिलं. कुणी सांगितलं ते तिला कळलं नाही, आणि मी बोलले नाही." मग ती त्या अधिकाऱ्यांकडे वळली. "साहेब, त्या पोरीने काही गुन्हा केला नव्हता. बोलत होती. मीही वाईट नव्हते, मी मोठी बहीण होते. त्या गेटवर काय काय दिसेल ते बघणारी माणसं पण वाईट नसतील. एवढंच सांगायचं होतं."

ती खाली बसली. मी इतिवृत्ताच्या वहीत पेन धरून बसलो होतो. वडिलांच्या त्या बहिणीच्या घरी मी दर सुट्टीत राहिलोय, तिच्या नवऱ्याचा आवाज चढला की आम्ही पोरं परसात पळायचो. मला काही लिहिता येईना. आत्या म्हणाली, "लिही रे बाळ्या. लपवून नको ठेवूस आता."

ठराव पडला, तीन मतांनी. उखाण्यांतल्या त्या दोघी वहिनी आपापल्या घरच्यांकडे न बघता विरोधात हात वर करून बसल्या होत्या. गेटवर वॉचमनची वही राहिली, सायकलींना मी साखळ्या आणल्या, आणि वंदनाताई दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला रोजच्यासारख्या आल्या. त्या का घाबरल्या होत्या हे मला पुढे सहा महिन्यांनी, नवऱ्यापासूनच्या त्यांच्या फारकतीचा निकाल कोर्टात लागला तेव्हा, त्यांनीच सांगितलं. मी आत्याकडे जाऊन चिडलो, मला का नाही सांगितलंस म्हणून. तिने "गप रव, मेल्या" एवढंच म्हटलं.

पण मला सांगायचंय ते सभेच्या दुसऱ्या दिवसाचं. चाळीस माणसांनी ऐकलेली गोष्ट बहिणीने पहिल्यांदा कुणा परक्याच्या तोंडून ऐकू नये, म्हणून आत्याने मालवणला फोन लावायचं ठरवलं. मला बोलावून घेतलं, पण फोन घेऊन ती आत गेली आणि दार लावून घेतलं. आतोबा आणि मी बाहेर बसलो. मला वाटलं तास लागेल, रडारड होईल. ती पाचच मिनिटांत बाहेर आली आणि खुर्चीवर बसून राहिली. मी विचारलं, काय म्हणाली? आणि आत्याने, आयुष्यात पहिल्यांदा, फोनवरचं बोलणं तिसऱ्याला सांगितलं.

"म्हणाली, माका ठावक होतां. पयल्या दिवसापासून."

मी म्हटलं, मग इतकी वर्षं बोलली का नाही?

"तेच विचारलं मी. तर म्हणाली, तू कधी सांगतंस, म्हणान वाट बघी होतंय."

आतोबांनी उठून पंखा लावला. आत्याने हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाली, शनिवारच्या गाडीचं मालवणचं तिकीट काढून दे, आणि माझा नंबर घालावा लागला तर घाल.